आज काय उचललं

५ जानेवारी

फिजिओबाईंनी ही वही हातात कोंबली आणि म्हणाल्या, रोज लिहायचं. तीन गोष्टी. किती दुखलं, शून्य ते दहा. व्यायाम कोणता केला. आणि आज काय उचललं. मी म्हटलं, "बाई, मी एकोणीस वर्षं जितंजागतं माणूस उचलतोय, वहीत कधी लिहिलं नाही." त्या हसल्यासुद्धा नाहीत. "म्हणूनच इथे आलात," म्हणाल्या.

तर घ्या. दुखणं : पाच. व्यायाम : उताणं पडून श्वास घेणे (याला व्यायाम म्हणतात!). उचललं : चहाचा कप. तोही दोन्ही हातांनी.

कसं झालं ते एकदाच लिहून टाकतो. मी आणि ही, म्हणजे माझी बायको, एकाच नृत्यमंडळात जोडीने नाचतो. मंडळात मला सगळे 'हमाल' म्हणतात, कारण माझं निम्मं काम हिला उचलण्याचं. पहिल्या तालमीत हिला उचललं तेव्हा मी ओरडलो होतो, "काय गं हे ओझं!" तेव्हापासून ही माझी 'ओझं'. लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं, नाव तेच राहिलं.

आमची एक उचल आहे, झुंबर. ही धावत येते, मी 'हप' म्हणतो, 'हप'ला ही उडी मारते, मी कमरेत धरून थेट डोक्यावर नेतो आणि वर गेल्यावर ही पाठीची अशी कमान करते की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. बावन्न किलोची बाई हजारो वेळा डोक्यावर घेतली, कधी ब्र काढला नाही. आणि एकोणीस डिसेंबरला तालमीच्या खोलीत खाली पडलेला मोजा उचलायला वाकलो, तो तिथेच आडवा. मोजा! निदान कुणाला सांगण्यासारखं तरी काही उचलत असतो तर!

मणक्याचे डॉक्टर म्हणाले, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलीय, डाव्या पायाची नस दाबतेय. पायाचा अंगठा वर होत नाही. सहा-सात महिने उचल बंद. व्यायामाने सुधारलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन.

मंडळाच्या मॅडमनी भेटायला येऊन सांगितलं, वीस सप्टेंबरचा प्रयोग झुंबरावरच उभा आहे. एक ऑगस्टला फिजिओचं पत्र आण, जागा तुझी. तोवर लांब्या हिच्याबरोबर तालीम करेल. लांब्या म्हणजे मंडळातला सव्वीस वर्षांचा ताडमाड गडी. हात चांगले आहेत त्याचे. डोकं अजून यायचंय.

म्हणजे सात महिन्यांत मला हिला पुन्हा डोक्यावर घेता आलं पाहिजे. नाहीतर चव्वेचाळिसाव्या वर्षी मी काय करणार? मला दुसरं काही येत नाही. हे कुणाला बोललो नाही, इथे लिहितो.

९ जानेवारी

फिजिओबाईंनी विचारलं, किती? मी म्हटलं, दोन. त्यांनी माझा पाय सरळ धरून वर उचलला, डोळ्यांतून पाणीच आलं. "नाचणाऱ्यांचं दोन म्हणजे इतरांचं सहा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दुखताना चेहरा सांभाळायची सवय. माझ्यापुढे नका सांभाळू."

मग आधी कधी असं झालं होतं का, ते खोदून खोदून विचारलं. खरं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका प्रयोगात झुंबर वर गेल्यावर कमरेत चमक आली, डावा हात लटपटला, कसंबसं हिला खाली ठेवलं. पण कुणाला कळलं नाही, हिलाही नाही. आणि गंमत म्हणजे त्यानंतर दुखणं आपोआप गेलं. उलट मागची दोन वर्षं तर ही इतकी हलकी लागायला लागली की मलाच नवल. उशी उचलावी तशी. अंगात ताकद मुरली म्हणायची.

"वजन कमी झालं का त्यांचं?"

"छे, दोन किलोंनी वाढलंय. हिला सांगू नका."

बाईंनी पेन थांबवलं. मग काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "एकदा त्यांनाही घेऊन या." आता हिला कशाला? नवरा कसा सांभाळावा हे शिकवायला असेल.

१७ जानेवारी

उचललं : वर्तमानपत्र. रविवारचं, जाडं.

ही सकाळी माझ्या शेजारी सतरंजी टाकून माझ्याबरोबर व्यायाम करते. म्हणे, तुला एकट्याला कंटाळा येईल. चार पायांवर येऊन एक हात पुढे, उलटा पाय मागे, दहा श्वास. मी तिसऱ्या श्वासाला डुगडुगतो, ही दगडासारखी. मी म्हटलं, "अगं, आजारी मी आहे, मार्क तू कसले मिळवतेस?"

सासूबाई आमच्याकडेच असतात. दारातून बघत होत्या. "जावईबापू, या वयात दोघं रांगायला लागलात," म्हणाल्या. ही हसली आणि हसता हसता थांबली. श्वास अडकला म्हणाली.

फिजिओबाईंकडून मी घरी आल्यावर शेकण्याची पिशवी आधीच गरम असते. सासूबाईंचे गुडघे, दुसरं काय.

२ फेब्रुवारी

वीस मिनिटं बसायची परवानगी मिळाली. ती तालमीच्या खोलीत खर्च केली.

एकोणीस वर्षांत झुंबर मी कधी बघितलंच नव्हतं. मी कायम त्याच्या खाली. आज खुर्चीवरून बघितलं. सुंदर होतं. लांब्याच्या हातांत होतं.

नंतर लांब्या माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "दादा, एक विचारू? मी धरायच्या आधीच ताई वर असतात. मला नुसते हात लावायला लागतात. तुम्ही 'हप'च्या आधी काही खूण करता का?"

मी म्हटलं, "ती 'हप'लाच उडते. तुझं टायमिंग कच्चं आहे."

"आणि उतरताना मी धरून ठेवतो तर म्हणतात, सोड, मी उतरते."

"माझ्याबरोबरही तशीच उतरते. दोन वर्षं झाली. मांजर आहे ती."

ते खरं आहे, पण एक गोष्ट लिहायलाच हवी. ती उतरते तेव्हा धप्प असा आवाज होतो. चांगला मोठा. संगीतात मला कधी ऐकूच आला नव्हता. मॅडमना सांगायला हवं, लाकडाखाली पोकळी झाली असेल.

२० फेब्रुवारी

दुखणं : चार, खरंखुरं. अंगठा अर्धा इंच वर झाला. सासूबाईंना मुद्दाम दाखवला. त्या म्हणाल्या, "वा! आता दुसरा."

११ मार्च

माझ्या दुखण्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या आणल्या होत्या, दहाव्या दिवशी पाकीट रिकामं. सासूबाईंवर संशय घेतला, त्या भडकल्या. "मी दुखलं तर दुखतं म्हणते, चोरून गोळ्या खात नाही," म्हणाल्या आणि का कोण जाणे, हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "माझ्याच हातून सांडल्या, मी टाकून दिल्या." मग आधी का नाही सांगितलं?

ही हल्ली खाली जमिनीवर झोपते. मला पलंगावर ऐसपैस जागा मिळावी म्हणून. मी वर ये म्हटलं तर, "नको, तू घोरतोस." बरं बाबा.

८ एप्रिल

आज पूर्ण तालीम बघितली, दोन तास, मधे उठून फेऱ्या मारत. मॅडमना काही केल्या समाधान होईना. अकरा वेळा झुंबर. अकराच्या अकरा वेळा ही वर जाऊन माझ्याकडे बघून हसली. घाम नुसता निथळत होता, चेहरा पांढरा पडला होता, पण हसू जागच्या जागी. काय बाई आहे!

अभिमान वाटला. आणि खोटं कशाला लिहू, रागही आला. मी नसताना एकदा तरी ती कोसळावी, निदान डुलावी, असं वाटत होतं. माझ्यावाचून अडत नाही हे बघायला मी दोन तास बसलो होतो.

घरी येताना ही जिना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली. माझ्या पायाला सोबत म्हणून. मी म्हटलं, "मी आता नीट चढतो, तू जा पुढे." तर म्हणाली, "चालू दे रे. घाई कसली?"

२३ एप्रिल

मंगळवार आणि शुक्रवार. हे दोन दिवस ही तासभर उशिरा येते. तालीम सहाला संपते, मी विचारून ठेवलंय. लांब्याही त्या दिवशी सहालाच निघतो. विचारलं तर, "कामं होती."

कामं!

आज शुक्रवार. फिजिओबाईंनी माझी वेळ बदलून संध्याकाळची दिली होती. दारातल्या कपाटात हिच्यासारखेच निळे बूट दिसले, डाव्या बुटाची नाडी हिच्यासारखीच बिनगाठीची खोचलेली. नाचणाऱ्या सगळ्या एकाच दुकानातून घेतात वाटतं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. मी बाहेर पडेपर्यंत बूट गेले होते.

घरी आलो तर ही आधीच घरात. केस ओले, चेहरा उतरलेला. मी काही विचारलं नाही. तिनेही माझं कसं झालं ते विचारलं नाही. हे पहिल्यांदाच घडलं.

७ मे

आज बोलू नये ते बोललो.

ही साडेसातला आली. मी म्हटलं, "लांब्याच्या हातांतही हलकी लागतेस का गं? की ते कौतुक फक्त माझ्यापुरतं होतं?"

ती चप्पल काढत होती, भिंतीला हात टेकून. हल्ली बसून काढतच नाही. तशीच थांबली. "काय म्हणालास?"

"काही नाही. माझं ओझं आता दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं, एवढंच म्हणालो. मला मोकळं वाटतंय."

सासूबाई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सांगून टाक याला." ही म्हणाली, "आई, गप्प." मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तू आधी बरा हो. मग भांडू."

जेवणं झाली नाहीत. काय सांगून टाकायचं होतं, ते विचारायचा धीर झाला नाही. मला माहीत आहे असं वाटतं आणि ते ऐकायचं नाही.

१५ जून

दुखणं : एक. उचललं : वाळूची पिशवी, वीस किलो. गुडघ्यांत वाकून, पोट घट्ट, छातीशी धरून, जमिनीवरून थेट. फिजिओबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं नुसत्या पाठीने उचलत होतात. दोन वर्षांपूर्वीच गादी जायला हवी होती. कशी टिकली नवल आहे."

मी म्हटलं, "देवाची कृपा."

"देवाची की कुणाची," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

२० जुलै

मॅडमनी चाचणी म्हणून नवी मुलगी उचलायला दिली. चव्वेचाळीस किलो, काडी नुसती. साधी उचल, खांद्यापर्यंत. 'हप'ला बरोबर उडाली, मी बरोबर धरली, आणि बापरे! जमिनीला खिळल्यासारखी जड. वर नेली, पण दंड थरथरले. चव्वेचाळीस किलो इतके जड असतात?

कमरेत काही झालं नाही. म्हणजे ताकदच आली नाही अजून. हिला उचलायचं म्हणजे यापेक्षा आठ किलो जास्त. घरी कुणाला बोललो नाही. आता पिशव्या वाढवतो.

१ ऑगस्ट

पत्र मिळालं! सही-शिक्क्यानिशी. 'उचलण्यास योग्य.' दुखणं : शून्य. अंगठा असा वर होतो की सासूबाईंनी नजर काढली असती.

फिजिओबाई पत्र हातात धरून ठेवून म्हणाल्या, "एक अट आहे. पहिली उचल इथे, माझ्यासमोर. दोघं या." मी हो म्हटलं. पण परवा तालीम आहे आणि बाईंची वेळ मिळणार आठ तारखेला. आठ तारखेपर्यंत कोण थांबतंय? सात महिने थांबलोय.

हिला पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि रडायलाच लागली. मीही रडलो. मे महिन्यात बोललो त्याची माफी मागितली. ती म्हणाली, "आता झालं. वीस सप्टेंबरचा तुझा प्रयोग झाला की मी सुटले." मी म्हटलं, "माझा कसला, आपला." ती म्हणाली, "हो, आपला."

३ ऑगस्ट

वही उघडणार नव्हतो. पण आज लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःशीच खोटं बोलेन.

खोलीत मॅडम, लांब्या, मी आणि ही. मी जागेवर उभा राहिलो. ही धावत आली. मी 'हप' म्हणायला तोंड उघडलं आणि मला दिसलं. आधी कधी दिसलं नव्हतं, कारण आधी मी माझीच कमर सांभाळत असायचो. माझा 'हप' तोंडातून निघायच्या आधीच तिचे पाय जमिनीवर नव्हते. पाठ मागे ताणून, दात आवळून, ती स्वतःच स्वतःला वर फेकत होती. माझ्या हातांत आली तेव्हा उचलायचं काही उरलंच नव्हतं.

मी वर नेलीच नाही. खाली ठेवली. "तू आधी का उडतेस?"

"सवय झालीय."

"कधीपासून?"

लांब्या जमिनीकडे बघायला लागला. ती काडीसारखी मुलगी इतकी जड का लागली, ते त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं. आणि मला काय सुचावं? राग आला. बायकोने केलेली मदत सगळ्यांसमोर उघडी पडली म्हणून राग. मी म्हटलं, "आता उडू नकोस. नुसती उभी राहा. मी उचलतो तुला, माझा मी."

"नको."

"उभी राहा म्हणतो ना."

उभी राहिली. मी शिकवल्याबरहुकूम वाकलो, धरलं, उचललं. एकदम बरोबर उचललं. माझ्या कमरेत काही म्हणता काही झालं नाही. आणि ती ओरडली. एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून दुखल्याचा शब्द ऐकला नव्हता. खाली ठेवली तर उजवा पाय तिला धरेना. माझ्या पायांशी बसली आणि म्हणाली, "थांब, उठते मी." उठता आलं नाही.

५ ऑगस्ट

तेच मणक्याचे डॉक्टर, तीच खोली, भिंतीवर या वेळी तिच्या मणक्यांचे फोटो. कमरेच्या शेवटच्या मणक्याला मागून दोन्ही बाजूंना चिरा. जुन्या. अति कमान करून करून आणि उंचावरून उतरून उतरून पडलेल्या. चिरलेला मणका हळूहळू पुढे सरकत गेला, आता नस चेपतोय. स्क्रू आणि दांड्या घालून दोन मणके एकत्र जोडावे लागतील. चालता येईल, घरकाम करता येईल. कमान पुन्हा नाही. उडी नाही.

मी विचारलं, "मी परवा उचलली म्हणून झालं का?"

"परवा नसती उचलली तर पुढच्या महिन्यात झालं असतं. हे दोन वर्षांचं आहे."

दोन वर्षांचं.

९ ऑगस्ट

फिजिओबाईंची वही तिच्याकडेही आहे. अगदी अशीच, निळ्या पुठ्ठ्याची. मंगळवार-शुक्रवार. निळे बूट तिचेच होते. बाईंनी तिला फेब्रुवारीतच फोटो काढून घ्या म्हणून सांगितलं होतं, ही ऑगस्टनंतर, ऑगस्टनंतर म्हणत राहिली. तालमीत मी नुसत्या हातांनी खुणा करते, उड्या मारत नाही, असं त्यांना शपथेवर सांगत होती. तिने माझ्याबद्दल विचारलं तर बाई काही बोलायच्या नाहीत आणि तिच्याबद्दल मला बोलायच्या नाहीत. दोघांची गुपितं घेऊन बसल्या होत्या बिचाऱ्या.

वही तिने स्वतःच दिली. "वाच. मला सांगता येणार नाही."

माझा आठ एप्रिल वर लिहिलाय. तिचा असा आहे : 'दुखणं सात. झुंबर अकरा वेळा. तो बघत होता म्हणून पूर्ण केलं. उचललं : भाजीची पिशवी, त्याच्या हातातून काढून घेतली.'

मी दवाखान्यातल्या तिच्या पलंगाजवळ बसून विचारलं, "का केलंस असं?"

"त्या प्रयोगात तुझा हात लटपटला ना, तो माझ्या कमरेवरच होता. मला कसं कळणार नाही?"

"मग सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू उचलणं सोडलं असतंस. मग काय केलं असतंस तू? मी बघितलंय तुला चार दिवस सुटी असली तर. घर डोक्यावर घेतोस." मग म्हणाली, "मला वाटलं, थोडेच दिवस. तू बरा होईपर्यंत मी जरा स्वतःची स्वतः वर जाईन. मग तू म्हणायला लागलास, काय हलकी झालीस, माझ्यात ताकद आली. इतका खूश होतास रे. मग थांबणार कसं?"

मी तिच्या पलंगाच्या कडेवर डोकं टेकून रडलो. मोठ्याने. शेजारच्या पलंगावरच्या आजी कूस बदलून भिंतीकडे बघायला लागल्या.

१२ ऑगस्ट

मॅडम आल्या होत्या. हिचा हात बराच वेळ धरून बसल्या. निघताना मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "तू तर बरा आहेस. नवी मुलगी आहे. झुंबर काढून टाकू, बाकी प्रयोग करू." क्षणभर, देवाशप्पथ, क्षणभर मनात आलं की चव्वेचाळीस किलो पेलेल मला आता. स्वतःचीच किळस आली.

आत आलो तर हिला सगळं ऐकू गेलं होतं. "जा तू," म्हणाली. "एवढं करून तू घरीच बसणार असलास तर माझी पाठ फुकट गेली."

मॅडमना अजून काही कळवलेलं नाही.

२० ऑगस्ट

सकाळी सातला हिला ऑपरेशनला आत नेलं, साडेबाराला बाहेर आणलं. सासूबाई माझ्या शेजारी बाकावर बसून होत्या. अकराच्या सुमारास म्हणाल्या, "मला जानेवारीपासून माहीत होतं. तिने शपथ घातली होती. तुम्ही मला गोळ्यांवरून बोललात ना, तेव्हा सांगून टाकायला हवं होतं." मी म्हटलं, "मी ऐकलं नसतं." त्या म्हणाल्या, "तेही खरंच." मग त्यांनी माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टर म्हणाले, नीट झालं. हिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं, "तुझी कंबर?"

२२ ऑगस्ट

आज हिला उभं करायचं होतं.

सकाळी नऊला फिजिओबाई आल्या, मुद्दाम स्वतः. कमरेला पट्टा बांधला. अंग न पिळता, ओंडका फिरवावा तसं कुशीवर वळवलं, पाय खाली सोडून बसवलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही समोर. त्यांनी हात तुमच्या गळ्यात टाकायचे, तुम्ही पट्ट्याला धरून उभं करायचं. पायांत जोर येईपर्यंत सगळा भार तुमच्यावर. ताई, तुम्ही काही करायचं नाही. समजलं?"

ही म्हणाली, समजलं.

मी 'हप' म्हणणार नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून गेलंच. आणि 'हप'च्याही आधी तिचं अंग ताठ झालं, वर झालं. कळ आली, ओठ पांढरे. बाई ओरडल्या, "ताई! जोर लावायचा नाही म्हटलं ना!"

दुसऱ्यांदाही तेच. तिला करायचं नव्हतं, तरी होत होतं. माझे हात लागले की हिचं अंग स्वतःला उचलायला लागतं, तीन तारखेला नुसती उभी होती तेव्हाही तेच झालं असणार. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "मला येतच नाही रे," म्हणाली. "कसं सोडायचं ते विसरले मी."

मी वाकून तिच्या कानाशी गेलो. म्हटलं, "अगं ए ओझं. एवढी वर्षं लोकांना सांगतोय, हिला मी उचलतो म्हणून. एकदा तरी खरं होऊ दे की."

ती हसली का रडली, कळलं नाही. पण तिचे खांदे खाली आले. मग पाठ सैल झाली. मग मान माझ्या खांद्यावर पडली आणि ती सगळीच्या सगळी माझ्यावर आली. मी गुडघ्यांत वाकलो होतो, पोट घट्ट, श्वास सोडत उभा राहिलो. ती माझ्याबरोबर वर आली. बापरे, केवढी जड. मला काही कल्पनाच नव्हती.

"जड आहे का रे?" कानात विचारलं तिने.

"हो. चांगलीच."

"मग ठेव खाली."

"नाही ठेवत."

बाई घड्याळ बघत मोजत होत्या. वीसला म्हणाल्या, बसवा. बसवताना मी तिला एकदम सोडली नाही. खाली टेकेपर्यंत धरून ठेवली. आवाज झाला नाही.

दुखणं : शून्य, पण ते फक्त कमरेचं. व्यायाम : हाच. उचललं : ही. दोन वर्षांत पहिल्यांदा, मी.